दारवानाचे पाच सेकंद

एका तालुक्याच्या गावात एक हुशार बाई होती. नाव शलाका वर्पे. ती हुशार आहे हे गावाला ठाऊक होतं, आणि गावापेक्षा जास्त तिला स्वतःला ठाऊक होतं. गुंजाळ सरांच्या लहानशा ऑफिसात दूध डेअऱ्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनत. तिथे तिचा शब्द शेवटचा असे.

त्या ऑफिसात एक प्रॉक्सी सर्व्हर होता. शलाकाने त्याचं नाव दारवान ठेवलं होतं, कारण त्याचं कामच ते. कुणी बटण दाबलं की ती मागणी दारवानाने घ्यायची, आतल्या खऱ्या प्रोग्रॅमकडे न्यायची आणि उत्तर आणून द्यायचं. दारवान शलाकाने उभा केला होता. आतला प्रोग्रॅम तिचा सहकारी निवृत्ती घुले याचा. आठ महिने खपून त्याने तो तयार केला होता.

दिवाळीची साफसफाई झाली, ऑफिसातला जुना कॉम्प्युटर भंगारात गेला आणि त्याच आठवड्यापासून सगळं रेंगाळायला लागलं. बटण दाबावं आणि बसावं वाट बघत. सोमवारी डेअरीचे लोक प्रोग्रॅम बघायला येणार होते. सर पार वैतागले.

शलाकाने तपासून बघायची तसदीही घेतली नाही. निवृत्तीचा प्रोग्रॅमच जड आहे, असं तिने छातीठोकपणे सांगून टाकलं. सरांनी ते मानलं. शनिवारपर्यंत वेग आला नाही तर निवृत्तीचं काम गुंडाळायचं आणि बाहेरून तयार प्रोग्रॅम घ्यायचा, असं ठरलं. आठ महिन्यांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली. बिचारा रोज आपलाच प्रोग्रॅम उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. फरक पडतोय कसला!

शनिवारी दुपारी तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"ताई, मोठी यादी मागितली तरी पाच सेकंद लागतात आणि कोरं पान मागितलं तरी पाचच. काम करणाऱ्याला कधी कमी वेळ लागतो, कधी जास्त. इथे कुणीतरी नुसतं थांबून राहतंय."

शलाकाला राग आला. हा आता मला शिकवणार! पण त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच तिला टोचलं. तो जेवायला गेल्यावर तिने एकेका टप्प्याचा वेळ मोजायला घेतला. मागणी दारवानापर्यंत पोचायला क्षणभर. निवृत्तीच्या प्रोग्रॅमला उत्तर द्यायला त्याहूनही कमी. मधले पाच सेकंद सगळेच्या सगळे दारवानाचे.

मागणी कुठे न्यायची त्याची दारवानाजवळची यादी तिने उघडली. तिच्यात दोन पत्ते होते, आणि पहिला होता भंगारात गेलेल्या कॉम्प्युटरचा. दारवान दर वेळी आधी तिथे जाऊन कडी वाजवत होता. पाच सेकंद वाट बघत होता. मग कुठे खऱ्या दाराकडे वळत होता. तो पत्ता तिनेच लिहिला होता, आणि काढू सावकाश म्हणत तिनेच ठेवला होता.

तिने ती ओळ पुसली. पान चटकन उघडलं.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती गप्प बसली असती तर कुणाला काही कळलं नसतं. उलट सगळे म्हणाले असते, ताईंनी हात लावला आणि काम झालं. मोह झाला तिला, खोटं कशाला बोला.

तेवढ्यात सर आणि निवृत्ती आत आले. सरांनी बटण दाबून पाहिलं, खूश झाले आणि निवृत्तीच्या प्रोग्रॅममध्ये शेवटी काय सापडलं ते तिला विचारलं. निवृत्ती मान खाली घालून उभा होता. शलाका खुर्चीतून उठली.

"त्याच्या प्रोग्रॅममध्ये काहीच नव्हतं, सर. चूक माझ्या दारवानात होती. मी न बघताच ती याच्या माथी मारली."

निवृत्तीने मान वर केली. सोमवारी डेअरीच्या लोकांना प्रोग्रॅम त्यानेच दाखवला, आणि शलाका मागच्या खुर्चीत बसून बघत राहिली.

शलाका आजही हुशार आहे, आणि तिला ते आजही ठाऊक आहे. फक्त कुणी तक्रार घेऊन आलं की ती आधी आपला दारवान उघडून बघते.

तात्पर्य: दोष शोधायचा तर मोजून शोधावा, आणि मोजायला सुरुवात आपल्या दारापासून करावी.