पाच बोटांचा गंज

“पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशी तिजोरी आहे, उस्ताद. मग गंज आला कुठून?”

समोरची दुनळी बंदूक बाबालाल उस्तादांनी उचलली, कळ दाबून मधोमध मोडली आणि नळ्यांत काडतूस नाही ना, ते आधी डोळ्यांनी आणि मग करंगळीनं पाहिलं.

“रिकामी आहे,” उदयसिंह सरनोबत म्हणाले. “बघूनच आणलीय मी.”

“तुमी बघितलीसा. आता मी बघतो.”

कोल्हापुरातल्या एका बोळात उस्तादांचं दुकान होतं. घराणं शिकलगारांचं. आजे-पणजे तलवारींना पाणी द्यायचे, उस्तादांची हयात बंदुका दुरुस्त करण्यात गेली. वय ऐंशीच्या पुढं. गिऱ्हाईक कमी झालं होतं. बोलणं पहिल्यापासूनच कमी होतं.

उदयसिंहांचं तसं नव्हतं. ते साखर कारखान्यात मुख्य अभियंता होते. लोखंड म्हणजे काय, गंज म्हणजे काय, हे त्यांनी शिकून पास केलं होतं. त्यांच्या हाताखाली तीनशे माणसं होती आणि त्यांतलं कुणी त्यांना उत्तरासाठी ताटकळत ठेवत नसे.

उस्ताद नळ्या उजेडाकडं धरून बघत राहिले…

“आतनं चांगली हाय,” शेवटी ते म्हणाले. “बार काढला तर काढंल. बाहेरनं धरलंय.”

डाव्या नळीवर पाच तांबूस पट्टे होते. एकाशेजारी एक, कुणी पंजा ओढल्यासारखे. उस्तादांनी आपला पंजा त्यांच्यावर नुसता धरला. बोटाखाली बोट बसलं.

“ही बोटं कुणी वढली?”



“मीच. गेल्या खंडेनवमीला. शस्त्रपूजा असते आमच्यात. हळदीकुंकवाची पाच बोटं ओढायची, अक्षता टाकायच्या, झेंडू वाहायचा.”

“हात वले हुते?”

“सोवळ्यात होतो. ओलेच असणार.”

“मग?”

“मग काय? आरती झाली, बंदूक पेटीत घातली, पेटी तिजोरीत ठेवली.”

“पुसली?”

“पूजा केलेली पुसतात का, उस्ताद?”

उस्ताद हसले. तोंडात दात थोडेच होते, त्यामुळं हसू लहान मुलासारखं दिसलं.

“न्हाई पुसत. देवाला वाहिल्यालं हाय, कसं पुसायचं… आनि झेंडू?”

“तो… तसाच राहिला असावा. परवा पेटी उघडली तेव्हा सुकलेला होता.”

“सुकला. बरं. त्याच्यातलं पाणी कुटं गेलं आसंल?”

अभियंत्याला हे कळायला वेळ लागत नाही, फक्त कबूल करायला लागतो.

“पण पुड्या होत्या आत,” ते म्हणाले. “ओल शोषणाऱ्या. निळ्या खड्यांच्या. एक नव्हे, आठ ठेवल्या होत्या.”

“आता कसल्या रंगाच्या हायती?”

“गुलाबी.”

“कवापास्नं?”

“दिवाळीला बघितल्या तेव्हाच झाल्या होत्या. म्हटलं, काम करतायत.”

“काम करून बसल्यात सरकार. पोट भरलंय त्यांचं. तव्यावर मंद आचंला भाजायच्या, पुन्ना निळ्या झाल्या की ठेवायच्या. भरल्या पोटाच्या माणसाला वाढून काय उपेग?”

उदयसिंहांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेर बोळात कुणीतरी दुचाकी चालू करत होतं, ती होत नव्हती.

“पेटी कशाची?” उस्तादांनी विचारलं.

“चामड्याची. आतून मखमल. मुद्दाम करून घेतली.”

“चामडं मीठ लावून कमावत्यात. मखमल वल सोडत न्हाई. ठिवायला नगं ते, न्यायला-आणायला ठीक.” त्यांनी बंदुकीचा दस्ता हातात फिरवला. जिथं लाकूड लोखंडाला भिडतं तिथं ते काळं पडलं होतं. अंगठ्यानं दाबल्यावर किंचित दबलं. “आनि तेल बी वतलंय की हो.”

“तेल भरपूर घातलं होतं. परदेशी आहे. गंजाला उत्तम म्हणून…”

“उबी ठिवलीसा न्हवं? नळी वर, दस्ता खाली?”

“अर्थात.”

“मग तेल उतरलं खाली आनि लाकडानं प्यालं. नळी कोरडी, दस्ता गच्च. तेल दिसलं तर जास्त झालं. नुसता हात फिरवल्यावर कळावं, एवढंच पायजे. आनि ठिवताना नळीचं तोंड खाली.”

“म्हणजे मी केलं ते सगळंच चुकलं?”

“न्हाई. कुलूप चांगलं लावलंसा.” उस्तादांनी बंदूक खाली ठेवली. “गंज आत गेला न्हाई, सरकार. तो तुमीच आत ठिवला, आनि कुलूप लावलंसा. येक वरीस त्याला कुनी तरास दिला न्हाई.”

आता उदयसिंह खुर्चीवरून थोडे पुढं आले. इतका वेळ ते साहेबासारखे बसले होते, तेवढं बसणं मोडलं.

“उस्ताद, चुकलं ते चुकलं. पण मला चार दिवसांत ही आधी होती तशी करून हवी.”

“चारच दिवस का?”

“चार दिवसांनी खंडेनवमी आहे. आबा मागतील.”

आबा म्हणजे आबासाहेब, त्यांचे वडील. राहायला गगनबावड्याला, जिथं पाऊस कौलांवर राहायलाच आलेला असतो. बंदूक त्यांची. पन्नास वर्षं ती माजघरातल्या खुंटीवर असायची आणि पन्नास वर्षांत तिच्यावर मोहरीएवढा डाग पडला नव्हता. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं आबांची नजर गेली. परवाना मुलाच्या नावावर झाला. मुलानं तिजोरी आणली, माजघराच्या भिंतीत बसवली आणि खुंटी काढून टाकली.

“दरवर्षी पूजेआधी ती मांडीवर घेतात,” उदयसिंह म्हणाले. “दिसत काही नाही. पण टोकापासून दस्त्यापर्यंत हात फिरवतात. हळू… वेळ लावतात. मग म्हणतात, बरी आहे. मगच पूजा.”

“हं.”

“त्यांना कळता कामा नये. पन्नास वर्षं त्यांनी सांभाळली आणि मी एका वर्षात… तुम्ही नळी काळी करून द्या. नव्यासारखी दिसली पाहिजे.”

“त्यांस्नी तर दिसत न्हाई म्हनला.”

“नाही दिसत.”

“मग नव्यासारखी दिसून काय करायचं?”



“मग गंजाचे खड्डे भरून द्या, हाताला लागायला नकोत,” उदयसिंह म्हणाले. आवाज खाली आला होता. “काय लागेल ते करा.”



“पयलं कोन पुसायचं हिला?” उस्तादांनी विचारलं.

“आबाच.”

“कवा?”

“कधी म्हणजे… पुसायचे. बघितलंय मी लहानपणी. सोमवारी की काय. की रोजच…” उदयसिंहांनी कपाळावरून हात फिरवला. “नक्की नाही सांगता येणार. नीट बघितलं नाही कधी.”

“आनि तिजोरी आल्यावर?”

“दोनदा म्हणाले, उदय, जरा काढ रे, पुसून देतो. मी म्हटलं, आबा, आता गरज नाही. आत पुड्या आहेत.”

“मग?”

“मग नाही म्हणाले पुन्हा.”

उस्ताद उठले. फळीवरून पोलादाच्या दोन पट्ट्या काढल्या, दोन्ही घासून पुसून चकचकीत केल्या आणि उदयसिंहांपुढं ठेवल्या.

“हात वला करा. दोनींवर बोटं दाबा.”

“कशाला?”

“दाबा तर.”

कोपऱ्यातल्या माठातल्या पाण्यात बोटं बुडवून उदयसिंहांनी दोन्ही पट्ट्यांवर ती दाबली. तीनशे माणसांच्या साहेबाला हे करताना कसंसंच झालं, पण केलं. एक पट्टी उस्तादांनी पत्र्याच्या डब्यात घातली आणि झाकण घट्ट लावलं. दुसरी दाराजवळच्या फळीवर उघडीच ठेवली.

“उद्या या,” म्हणाले. रीतसर पावती लिहून दिली आणि बंदूक ठेवून घेतली.

दुसऱ्या दिवशी उदयसिंह दुपारी आले.

उस्तादांनी आधी डबा पुढं केला. झाकण काढलं. पट्टीवर बोटांचे ठसे उमटले होते, तांबूस, एकेक रेघ वेगळी दिसावी असे. उदयसिंहांनी आपलं बोट एका ठशाशी लावून पाहिलं. ठसा त्यांचाच होता.

मग उस्तादांनी दारातली पट्टी दिली. ती स्वच्छ होती. दिवसभर बोळातली हवा, धूळ, आल्या-गेल्याचा वारा तिच्यावरून गेला होता, तरी स्वच्छ.

“हिला काय लावलं?”

“काय न्हाई.”

“काहीतरी लावलं असणार. तेल? मेण?”

“न्हाई वो. दारात हाय. येता-जाता दिसायची. दिसली की धोतराच्या सोग्यानं पुसायचो.”

उदयसिंह दोन्ही पट्ट्या दोन हातांत धरून उभे राहिले. अभियंता म्हणून त्यांना यात चार चुका दाखवता आल्या असत्या. एवढ्याशा प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही, असंही म्हणता आलं असतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं.

“आणि बंदूक?”

ती गादीवर होती. तांबूस काहीच उरलं नव्हतं. उस्तादांनी रात्रभर नळीवरच्या गंजाच्या डागांवर तेल मुरू दिलं होतं आणि सकाळी तांब्याच्या जुन्या पैशाच्या कडेनं गंज खरवडून काढला होता. तांबं पोलादाहून मऊ, गंज तेवढा निघतो, नळीला ओरखडा पडत नाही. मग तिथं काळा रंग चढवला होता. डोळ्यांना नवीच.

उदयसिंहांचा चेहरा उजळला.

“वा, उस्ताद! काही म्हणजे काही दिसत नाही.”

“डोळं मिटा.”

“काय?”

“मिटा डोळं. हात फिरवा.”

उदयसिंहांनी डोळे मिटले. नळीच्या टोकावर हात ठेवला आणि खाली आणत गेले. लोखंड गार, गुळगुळीत. पुढं… पुढं… आणि मग बोटाखाली बारीकसं खरखरीत काही लागलं. जणू नळीवर देवी उठून गेल्या होत्या. एक. दोन. त्यांनी हात मागं घेतला नाही. तीन. चार. पाच.

डोळे उघडायला त्यांनी वेळ लावला.

“लागतंय हाताला.”

“लागनारच.”

“भरून नाही येत?”

“घासून घासून नळीच पातळ करावी लागंल. मग ती भिंतीवर लावायची हुईल, बार काढायची न्हाई. गंज मी थांबवला. लोखंड गेलं ते गेलं.”

“आबांना कळेल.”

“कळंल.”

उदयसिंह बाकावर बसले. समोर दोन्ही पट्ट्या होत्या, बंदूक होती. बोळातून भांड्याला कल्हई लावणारा ओरडत गेला.

“मला एक कळत नाही, उस्ताद,” ते म्हणाले. आता त्यांच्या बोलण्यात साहेब नव्हता. “गगनबावडा म्हणजे काय पाऊस, तुम्हाला माहीत आहे. चार महिने कपडे वाळत नाहीत, मिठाचं पाणी होतं, पापडाला बुरशी धरते. तिथं आबांनी ही उघड्या खुंटीवर ठेवली. तिजोरी नाही, पुड्या नाहीत, परदेशी तेल नाही. पन्नास वर्षं! ठेवली कशी हो?”

उस्ताद बंदूक साध्या सुती कापडात गुंडाळत होते. त्यांचे हात थांबले.

“तीस-येक वर्षं झाली आसतील,” ते म्हणाले. “हिची कमान, आतली स्प्रिंग, तुटली म्हनून आबासाहेब आले हुते. ऐन पावसाळा. बंदूक हातात घेतली आनि मी बघतच ऱ्हायलो. माज्या बापानं, आज्यानं शस्त्रं राखली, पन गगनबावड्याच्या पान्यात आशी राखल्याली मी बघितली नव्हती. मी बी त्यांस्नी ह्येच इचारलं.”

“मग?”

“मग बसले. तितं, तुमी बसलाय तितंच. सांगितलं समदं. सांज झाली तरी सांगत हुते. जाताना लई खुशीत गेले.”

“काय सांगितलं?” उदयसिंह उठून पुढं आले. “सांगा ना, उस्ताद. मी लिहून घेतो.” त्यांनी खिशातून पेन काढलं सुद्धा.

उस्तादांनी कापडाची शेवटची घडी घातली. गाठ मारली नाही. बंदूक दोन्ही हातांवर घेतली आणि उदयसिंहांच्या दोन्ही हातांवर ठेवली.



“आबासाहेब हायती न्हवं अजून?”

“आहेत.”

“मग मला कशाला इचारताय?”