शांत गावाच्या बादल्या

फार फार पूर्वी नव्हे, पण आपल्या पणजीच्याही आधी कधीतरी, जपान देशात एका मोठ्या सरोवराच्या काठी एक लहानसं गाव होतं. तिथे जमिनीतून कढत पाणी वर यायचं, म्हणून घरोघरी दगडी कुंडं होती. दमलेभागले वाटसरू यायचे, कुंडात बसायचे, भाजलेले मासे खाऊन झोपायचे आणि सकाळी वाटेला लागायचे.

मासे आणायला घरचे पुरुष होड्या घेऊन सरोवरात जात. हिवाळ्यात मात्र पंचाईत. कुंडांची वाफ आणि सरोवराचं धुकं एकमेकांत मिसळलं की काठच दिसेनासा व्हायचा. मग बायका अंघोळीच्या लाकडी बादल्या उपड्या घालून दांडक्यानं वाजवायच्या आणि होड्या त्या आवाजाच्या रोखानं घरी यायच्या. ज्या त्या घराचा ठेका वेगळा.

अशाच एका घरात नवी सून आली होती. दिवसभर तोंडातून शब्द काढायची नाही; पण बादली अशी वाजवायची, की सासूबाई म्हणायच्या, "तोंडाची सगळी कसर इथे भरून काढते हो!" दोन टोले, जरा थांबून तिसरा, हा तिचा ठेका.

नवरा म्हणायचा, "तुझी बादली ऐकली की मला भूक लागते."

"आणि नाही वाजवली तर?"

"तर बसेन उपाशी, गोल गोल फिरत!"

एका उन्हाळ्यात एक विद्वान प्रवासी येऊन राहिला. परत जाऊन त्यानं गावाचं वर्णन लिहिलं : 'पाणी गरम, मासे रुचकर, पण या गावाची खरी दौलत म्हणजे इथली शांतता.'

गाव हरखून गेलं. आपल्याकडे शांतता आहे, हे तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं. आता ती जपायला हवी! कोंबडे शेजारच्या गावी धाडले. पोरांच्या खडावांना चिंध्या बांधल्या. शिंक आली तर माणसं उशीत तोंड खुपसू लागली. शांतता ऐकायला दूरदूरचे पाहुणे येऊ लागले.

हिवाळा आला. एका संध्याकाळी धुकं अचानक उतरलं. बाकीच्या होड्या आधीच काठाला लागल्या होत्या; सुनेचा नवरा तेवढा पाण्यावर होता. तिनं बादली उपडी घातली.

"अगं, थांब!" सासूबाई कुजबुजल्या. "पाहुणे आत्ता कुठे डोळे मिटून कुंडात बसलेत. काय म्हणतील?"

"पण आई, हे अजून आले नाहीत."

"गावात काय आपलीच बादली आहे? शेजारीण वाजवेल की. तिच्याकडे आज पाहुणे नाहीत."

शेजारीण आपल्या अंगणात दांडकं घेऊन उभी होती. तिला वाटलं, नवरा सुनेचा, तीच वाजवेल. आपण कशाला गावाचं नाव घालवा? पलीकडचीलाही तसंच वाटलं. तिच्या पलीकडचीलाही.

सुनेनं हात उचलला. आतून पाहुण्याचा तृप्त सुस्कारा ऐकू आला. हात आपसूक खाली आला.

अंधारून आलं तेव्हा सासूबाईंनीच दांडकं ओढून घेतलं आणि बादली बडवायला सुरुवात केली. "अरे, ये रे! इकडे ये!" मग सगळं गाव वाजू लागलं. पण पाण्यावरून उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं विरल्यावर होडी सापडली, ती पार समोरच्या काठाच्या लव्हाळ्यात. गावाकडे पाठ करून वल्हवत गेलेली. जाळ्यात पाहुण्यांपुरते मासे होते. माणूस नव्हता.

निघताना एक पाहुणा वाकून म्हणाला, "काल तो गोंगाट सुरू व्हायच्या आधी काय शांतता होती! जन्मात विसरणार नाही."

"आम्हीही नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर सून रोज संध्याकाळी बादली वाजवू लागली. धुकं असो, नसो. पाहुणे येईनासे झाले. सासूबाईंनी एकदाही अडवलं नाही. त्या दुसरी बादली घेऊन शेजारी बसायच्या.

एकदा एका वाटसरूनं विचारलं, "पोरी, आकाश तर लख्ख आहे. होड्याही सगळ्या काठाला. मग कुणासाठी वाजवतेस?"

"एकाला हाक द्यायची राहिली होती," ती म्हणाली, आणि तिनं दोन टोले दिले. जरा थांबली. मग तिसरा दिला.

तात्पर्य : आपल्या माणसाला हाक आपणच द्यावी, आणि वेळेवर द्यावी. शेजारी देईल म्हणून थांबू नये. लोक काय म्हणतील म्हणून तर मुळीच नाही.