बकुळ आळीची रांगोळी

एक होती आळी. तिचं नाव मोठं सुगंधी, बकुळ आळी. पण रस्ता असा, की चालणाऱ्याला सुगंध घ्यायला सवडच मिळू नये. जरा नाक वर केलं की पाय खड्ड्यात! खड्डे तरी किती प्रकारचे! कुणी ताटलीएवढे, कुणी परातीएवढे, आणि देवळापाशी एक तर इतका ऐसपैस, की त्यात चिमण्या सहकुटुंब आंघोळीला यायच्या.

या आळीत राहायची रेवू. आठ वर्षांची, दोन पिटुकल्या वेण्यांची, गोड हसायची. बाबा देवाघरी गेलेले. आई घरासमोरच्या चिमुकल्या ओट्यावर बसून गजरे विकायची. बाजारातून फुलं महाग मिळायची, गजरे स्वस्त जायचे, त्यामुळे घरात कधी भाजी असायची तर कधी नुसतीच भाकरी.

आणि रेवूचा होता एक धाकटा भाऊ, टिल्लू. त्याच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं, पण जिभेत भरपूर होतं. गल्लीतल्या सुतारानं जुन्या सायकलची दोन चाकं लावून त्याला एक गाडी करून दिली होती, हातांनी चाकं फिरवत चालवायची. सपाट जमिनीवर टिल्लू ती झोकात चालवी. पण बकुळ आळीत सपाट जमीन आणायची कुठून? म्हणून गाडीला बांधली होती दोरी, आणि ती दोरी रेवूच्या हातात. ओढून ओढून तिच्या इवल्या तळहातांना घट्टे पडले होते.

यंदा टिल्लूचं नाव शाळेत घातलं होतं. पहिल्याच दिवशी गाडी परातीएवढ्या खड्ड्यात रुतली. रेवूनं ओढली, आईनं ढकलली, चाक काही हलेना. शाळेची घंटा वाजून गेली.

"उद्या जाऊ हं राजा," आई म्हणाली.

"उद्या खड्डा कुठे जाणारे?" टिल्लूनं विचारलं. आईनं पदरानं डोळे टिपले, आणि रेवूनं पुन्हा एकदा दोरी ओढून पाहिली.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचे ओव्हरसिअर पाटणे साहेब सायकलवरून आले. जाड भिंगांचा चष्मा, खांद्यावर पांढऱ्या फक्कीची पिशवी. "रस्ता मंजूर झालाय!" त्यांनी जाहीर केलं. सगळी आळी दारात आली. साहेबांनी फक्कीची रेघ ओढायला सुरुवात केली. सरळ, पांढरी, दुधाच्या धारेसारखी. पण वळणावर आली आणि ती थेट तिथल्या जुन्या बकुळीच्या बुंध्यावर चढली.

"झाड जाणार," साहेब म्हणाले. "नाहीतर पलीकडच्या घरांनी ओटे मागे घ्यायचे. रस्त्यावरच पुढे आलेत सगळे, थोडे थोडे करत."

आता आळीतल्या घरांना ओट्यांचा भारी सोस. कुणी पायरी वाढवलेली, कुणी तुळशीवृंदावन पुढे सरकवलेलं. सगळे एका सुरात म्हणाले, "झाडच तोडा साहेब!"

रेवूला रडू आलं. रस्ता तर हवाच होता, पण बकुळही हवी होती. तिच्याच सावलीत टिल्लू गाडीत बसून गाणी म्हणायचा.

संध्याकाळी ती फुलं वेचायला बकुळीखाली गेली. मावळतीचं केशरी ऊन पानापानांवर लुकलुकत होतं. जमिनीवर फक्की सांडली होती आणि फुलांवर तिचा पांढरा थर बसला होता. रेवूनं एक फूल उचललं आणि फुंकर घातली.

"आक् छीं!"

फूल शिंकलं! आणि त्यातून बाहेर आली करंगळीएवढी परी. अंगात दुधी झगा, केसांत दवाचे मणी, पाठीवर दोन झिरझिरीत पंख. पण सगळी फक्कीनं माखलेली, जणू पिठात पडलेली मुंगी.

"अगं बाई, पंख चिकटलेत माझे!" परी कुरकुरली.

रेवूनं फ्रॉकचं टोक नळाखाली भिजवलं आणि हलक्या हातानं पंख पुसून काढले. एक निळा झाला, एक गुलाबी, आणि दोन्ही चमचम चमकू लागले.

"तू बकुळपरी? या झाडातच राहतेस?"

"कधीपासूनची! तुझ्या आईच्या पाळण्यावरही फुलं टाकली आहेत मी." परीनं तीन नाजूक फुलं रेवूच्या ओंजळीत ठेवली. "एकेक फूल म्हणजे एकेक इच्छा. पण नियम आहेत हं. मागायचं ते दुसऱ्यासाठी. आणि माणसांनी मिळून ठरवायची गोष्ट मी ठरवणार नाही."

रेवू घाईघाईनं म्हणाली, "मग माझ्या टिल्लूला बरं कर ना, परीताई!"

परीनं मान हलवली. "जे मोडलंय तेच मी जोडते, राणी. टिल्लूत काही मोडलेलं नाही. मोडलाय तो रस्ता."

"मग रस्ता कर!"

"रस्ता सगळ्यांचा. तो सगळ्यांनी मिळून ठरवायचा. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेव. तिसरं फूल संपलं की मी तुला दिसणार नाही." एवढं बोलून ती पानांत शिरली, आणि पानं थोडा वेळ आतून उजळलेली दिसली.

दुसऱ्या दिवशी पाटणे साहेब आले आणि पाहतात तो काय, रेघ गायब! या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरा ठिपका नाही.

"कुणी पुसली?" साहेब गरजले.

"या तांबटकाकांनी!" रेवूच्या शेजारच्या गंगाकाकू म्हणाल्या. "ओटा वाचवायला निघालेत."

"मी? तुम्हीच पुसली असेल!" तांबटकाका कडाडले. त्यांचा ओटा आळीत सगळ्यांत मोठा, अगदी वळणावर, बकुळीच्या समोर.

मग काय, आळीभर तोंडाला तोंड लागलं. साहेबांनी पुन्हा रेघ ओढली. तिसऱ्या सकाळी तीही नाही! संतापानं लालेलाल होऊन साहेब सायकलवर बसले आणि धाडकन परातीएवढ्या खड्ड्यात पडले. चष्म्याच्या काचांचे तुकडे तुकडे झाले.

"बास! ही आळी रस्त्याच्या लायकीचीच नाही. दुसऱ्या आळीला देतो!" ते चाचपडत म्हणाले. आळीतलं कुणी पुढे झालं नाही. सगळे एकमेकांकडे बोटं दाखवण्यात दंग होते. रेवू मात्र धावली. तिनं साहेबांना हात दिला, पाणी दिलं, आणि एक फूल मुठीत धरून पुटपुटली, "परीताई, साहेबांना दिसू दे नीट."

मुठीत काहीतरी लुकलुकलं. साहेबांच्या मांडीवरचा चष्मा अखंड झाला, आणि होता त्याहून लख्ख.

साहेबांनी तो घातला. समोर दिसली घट्टे पडलेल्या हातांची एक चिमुरडी, आणि तिच्यामागे दोरी बांधलेली गाडी. त्यांचा राग विरघळला. "उद्या संध्याकाळी नगराध्यक्षा उमाताईंना घेऊन येतो," ते हळूच म्हणाले. "आळीचं एकमत झालं तर रस्ता. नाही तर माझा इलाज नाही, बेटा."

दुसऱ्या दिवशी पहाटे रेवू रोजच्यासारखी उठली. रोजच्यासारखी बादली घेतली, दारात सडा शिंपडला, खराटा फिरवला. रांगोळीची चिमूट उचलली आणि एकदम थबकली. तिच्या खराट्याखाली परवाच्या फक्कीची शेवटची पांढरी भुकटी होती! तिनं आळीत नजर टाकली. शेजारी गंगाकाकू सडा घालत होत्या. पलीकडे तांबटकाका. साऱ्या दारांत सपासप पाणी, खर्रखर्र खराटे!

संध्याकाळी बकुळीखाली सतरंज्या अंथरल्या. पांढऱ्या पातळातल्या उमाताई मध्ये बसल्या. त्यांनी "बोला" म्हणायचा अवकाश, भांडण पुन्हा सुरू. रेघ तुम्ही पुसली, रेघ तुम्ही पुसली!

रेवू उठून उभी राहिली. "रेघ मी पुसली," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

"म्हणजे... मी सकाळी सडा घातला ना. माझ्या दारातली पुसली गेली. कळलंच नाही मला. काकू, तुम्हीपण सडा घालता. काका, तुम्हीपण."

गंगाकाकूंनी तोंडावर पदर धरला. तांबटकाका टक्कल खाजवू लागले. मग कुणाला तरी हसू फुटलं आणि ते आळीभर पसरलं. पाटणे साहेब तर पोट धरून हसले.

"छान," उमाताई म्हणाल्या. "आता रेघ पुसायची नाही असं ठरलं. पण ती जायची कुठून? झाडावरून की ओट्यांवरून?"

हसणं थांबलं. कुणीच वर बघेना. रेवू आईपाशी गेली आणि कानात काही बोलली. आईनं आपल्या चिमुकल्या ओट्याकडे पाहिलं. तो ओटा गेला, तर गजरे विकायचे कुठे? मग तिनं टिल्लूच्या गाडीकडे पाहिलं, डोक्यावर झुकलेल्या बकुळीकडे पाहिलं, आणि रेवूचा हात घट्ट धरून ती उठली.

"आमचा ओटा घ्या, ताई. फुलं टोपलीत घेऊन फिरेन मी. पण झाड राहू द्या."

आळीतलं सगळ्यांत गरीब घर, आणि सगळ्यांत लहान ओटा! गंगाकाकूंना भरून आलं. "माझीपण पायरी घ्या," त्या म्हणाल्या. "आमचंपण वृंदावन सरकवू." "आमचा कठडा काढा." असं म्हणत म्हणत सगळी आळी उठली. बसून राहिले फक्त तांबटकाका.

"कसा देऊ?" ते म्हणाले. "आमच्या हिनं सजवलाय तो. आपल्या फुटलेल्या बांगड्यांच्या काचा वर्षानुवर्षं साठवल्या, आणि ओट्यात मोर बसवला स्वतःच्या हातांनी. ती गेली. आता तो मोर फोडू?"

खरंच, ओट्यावर मोर होता, हिरव्या, जांभळ्या, सोनेरी काचांचा. इतकी वर्षं सगळे नुसते त्यावरून चालत होते.

रेवू काकांना बिलगली. "नाही फुटणार काका. तुम्ही फक्त हलक्या हातानं उचला." आणि पाठीमागे मुठीत तिनं दुसरं फूल धरलं. काकांनी पहार लावली. मोर अख्खाच्या अख्खा अलगद सुटून आला, एक काचही निखळली नाही. काका त्याला छातीशी धरून लहान मुलासारखे रडले. मग म्हणाले, "बकुळीला पार बांधा. त्यावर बसवा माझ्या मोराला. सगळ्यांना दिसेल."

"मग उद्या फक्की नको," पाटणे साहेब म्हणाले. "सकाळी सडा झाला की तुम्हीच रांगोळी काढा. ज्यानं त्यानं आपल्या दारात, जेवढं सोडणार तेवढ्यावर. रांगोळी म्हणजे रस्त्याची कड. मी ती मोजून कागदावर उतरवतो. सही उद्या झाली तरच या वर्षी काम होईल."

काय ती सकाळ! गुलाबी, पोपटी, हळदी, निळी! दारोदारी वेलबुट्ट्या उमलल्या आणि एकीची वेल दुसरीच्या वेलीला जाऊन भिडली. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंगीत रेघ. टिल्लूनंही गाडीतून वाकून एक ठिपका दिला. दुसऱ्या टोकाला पाटणे साहेबांनी टेप उलगडली.

इतक्यात "म्यँ म्यँ!" रोज चरायला जाणारा शेळ्यांचा अख्खा कळप वळणावरून उधळत आला! रोजचाच तो, पण आज कुणाच्या ध्यानातच नव्हता. आता सारी रांगोळी खुरांखाली जाणार, पुन्हा भांडणं, पुन्हा "तुमची आत होती, आमची बाहेर होती"...

रेवूच्या मुठीत शेवटचं फूल होतं. बकुळीच्या फांदीवर परी बसली होती, तिच्याकडेच बघत. रेवूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग तू दिसणार नाहीस ना?"

परी फक्त हसली.

"माझ्या आळीसाठी मागते," रेवू डोळे पुसून म्हणाली. "ही रेघ राहू दे, परीताई."

फूल उजळलं. परी उठली, तिचे पंख मोठे मोठे होत गेले, निळे, गुलाबी, मग सोन्यासारखे पिवळे. त्या उजेडाची एक लाट रांगोळीवरून सरसर धावत गेली. शेळ्या थबकल्या आणि एकामागून एक पाय उचलून, टुण टुण उड्या मारत रांगोळी ओलांडून गेल्या. कणभरही रंग हलला नाही. उजेड ओसरला तेव्हा फांदीवर कुणी नव्हतं. नुसता गोड गोड वास दरवळत होता.

पुढे गाड्या आल्या, खडी आली, कामगार आले. आळीनं त्यांना रोज चहा पाजला. रस्ता झाला गुळगुळीत, आणि बकुळीपाशी तो आदरानं जरासा वळला. पारावर मोर चमकू लागला. आणि एक नवल झालं. बकुळ आता बारा महिने फुलते, आणि पहाटेचा वारा सगळी फुलं नेमकी एकाच दारात आणून ढीग घालतो. रेवूच्या आईला फुलं विकत घ्यावी लागत नाहीत. तिच्या बकुळीच्या गजऱ्यांसाठी गिऱ्हाईक दुसऱ्या गावाहून येतं, आणि तांबटकाका तिला मोराशेजारी पारावर हक्कानं बसवतात.

आणि टिल्लू? रस्ता वाळला त्या सकाळी तो दप्तर मांडीवर घेऊन तयार बसला. रेवूनं सवयीनं दोरी उचलली.

"ताई, सोड," टिल्लू म्हणाला.

"अरे, पण..."

"सोड ना! मी जातो."

रेवूनं दोरी सोडली. चाकं फिरली, हळूहळू, मग झरझर. टिल्लू ओरडत, हसत, गाणं म्हणत शाळेकडे निघाला. रेवू रस्त्याच्या मधोमध उभी राहून बघत राहिली. कितीतरी दिवसांनी तिचे दोन्ही हात रिकामे होते. हातांचं काय करावं हेच तिला कळेना. तिनं ते समोर धरून पाहिले.

तेवढ्यात वरून एक टपोरं बकुळीचं फूल गिरक्या घेत आलं, आणि अलगद तिच्या घट्ट्यांवर उतरलं.