खिंडीचं गुपित

"…मग एवढं मोठं ज्ञान ठेवलंस कुठे, बेटा?"

जमालशा फकिराने विचारलं तेव्हा किल्लेदार हैबतराव नुकते घोड्यावरून उतरले होते. गडावरून फकिराच्या झोपडीपर्यंत त्यांनी घोडा नुसता पिटाळला होता आणि अर्धी हकीकत उतरता उतरताच सांगून टाकली होती. आनंद गगनात मावत नव्हता.

"कोठडीत, बाबा! कडेकोट बंदोबस्तात!"

"ज्ञान… कोठडीत?"

"म्हणजे खिंडीतून जिवंत परतलेले ते पाच जण हो! जखमा भरल्या, आज बोलते झाले. आपली तुकडी कशी कापली गेली ते कळलं! सगळी माणसं एकदम खिंडीत शिरली, की गनीम वरून धोंडे लोटून मागची वाट बंद करतो. निम्मी माणसं खिंडीच्या तोंडाशी ठेवायची. बस्स! खेळ खलास!"

फकिराचेही डोळे चमकले. बातमी होतीच तशी.

"वा! म्हणजे आज खिंडीकडे निघणारी तुकडी सुखरूप परत येणार."

"छे छे, त्यांना कुठे सांगितलंय!" हैबतरावांनी आवाज खाली आणला. "गुपित आहे. त्या पाचांच्या दारावर पहारा बसवलाय. एक शब्द बाहेर जायचा नाही, असं बजावलंय."

"मग तुकडीला काय सांगितलंस?"

"सावध राहा म्हटलं."

त्या गडावरून निघालेल्या प्रत्येक तुकडीला एवढंच सांगितलं जाई. मेलेल्यांनाही तेच सांगितलं होतं.

"लपवतोयस कोणापासून?"

"गनिमापासून! दुसऱ्या कोणापासून?"

फकिराला हसू आवरेना. "अरे, धोंडे लोटले कोणी?"

हैबतराव गडबडले. "तसं नव्हे… पण आपल्याला कळलंय, हे त्याला कळलं तर?"

"त्याला कळेल तेव्हा कळेल. तुझ्या माणसांना कधी कळणार?"

…

वर गडावर नगारा झडू लागला. तुकडी दरवाजाकडे निघाली होती. हैबतरावांनी वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"बाबा… सगळ्यांनी एकदम खिंडीत शिरायचं, हा हुकूम माझाच होता."

फकिराने घोडा सोडवून आणला आणि लगाम हैबतरावांच्या हातात दिला.

लगाम हातात आला, पण पाय काही रिकिबीत जाईना.

"चारचौघांत सांगू, की माझं चुकलं? पोरांच्या तोंडावर? मग उद्या माझा हुकूम कोण मानेल, बाबा?"

नगारा थांबला. गडाचा दरवाजा करकरत उघडला. ते खालपर्यंत ऐकू आलं.

"तुझं चुकलं, हे त्या पाचांना ठाऊक आहे," फकीर म्हणाला. "तरी त्यांनी तुझा कुठला हुकूम मोडला?"