न उघडलेली आढी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. सांगणारा स्वतः तिथे हजर होता.

म्हणजे हजर नव्हता, पण जो हजर होता त्याला चांगला ओळखतो. म्हणजे ओळखत नाही. पण तो ज्या जीपमधून गेला, त्या जीपच्या ड्रायव्हरला सांगणाऱ्याने एकदा चहा पाजला आहे. याहून पक्का पुरावा कोर्टातसुद्धा कुणी मागत नाही.

तर...

"तेवीस विरुद्ध तेवीस, आक्का. फायदे तेवीस, तोटे तेवीस. आता तुम्हीच सांगा, साठवणं चालू ठेवू की थांबवू?"

हर्षद टिळेकर मठाच्या अंगणात उभा होता. घामाने निथळत होता, हातात कागद होता, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्याचा आनंद होता. पायथ्यापासून तो दोन तास चालत आला होता. जीप होती, पण जीपचं भाडं म्हणजे त्याच्या हिशेबात सुटकेचा अर्धा तास.

हा हिशेब त्याचा स्वतःचा. नोकरी लागली त्याच महिन्यात त्याने ठरवलं होतं, चाळिशीला काम थांबवायचं. तेरा वर्षं तो पगारातले बारा आणे बाजूला टाकत आला होता. आता चारच वर्षं उरली होती. कुठलाही खर्च तो रुपयांत मोजत नसे, सुटकेच्या दिवसांत मोजत असे. मसाला डोसा म्हणजे दोन तास. नवीन बूट म्हणजे दीड दिवस. त्याचे जुने बूट पाहिले तर हे लगेच पटतं.

मठाच्या आक्का कोठीत आंबे पिकायला पेंढ्यात घालून आढी लावत होत्या. वय पंच्याहत्तर. दिसणं बंद होऊन तीस वर्षं झाली होती. अंगणातलं रायवळ आंब्याचं झाड एवढं अफाट, की त्याची सावली सकाळी एका तालुक्यात पडते आणि संध्याकाळी दुसऱ्या. त्याचेच हे आंबे, झेल्याच्या जाळीत उतरवलेले, हिरवेगार.

"बस हितं," आक्का म्हणाल्या. "एकेक आंबा हातात दे. अन् बोल."

हर्षद कागद वाचू लागला. "फायदा पहिला. चाळिशीनंतर डोक्यावर साहेब नाही. फायदा दुसरा..."

"कागदावरचा नको. पोटातला सांग."

हर्षदने कागद मांडीवर ठेवला.

"लहानपणी दोरीवर खाकी शर्ट वाळत असला की कळायचं, अण्णा घरी येऊन गेले. मी उठेपर्यंत शर्ट वाळलेला असायचा... आणि अण्णा पुन्हा गाडीवर."

"टिळेकर डायवर," आक्का म्हणाल्या. "पायथ्याला मुक्कामाची यष्टी लावून वर यायचा. माझ्या हातचं पिठलं खाऊन ह्याच ओसरीवर झोपायचा."

"म्हणून मला लवकर थांबायचंय, आक्का. दोरीवरचा शर्ट नाही व्हायचं मला."

"बरं हाय की. अन् तेविसावा तोटा?"

हर्षदने कागदाची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"अण्णांना कन्याकुमारीला जायचंय. माझ्याबरोबर, बसने, खिडकीशी बसून. म्हणतात, चौतीस वर्षं समोर बघितलं, एकदा बाजूला बघू दे. दर मे महिन्यात विचारतात."

"मग?"

"अठ्ठावीस दिवस जातात त्यात. माझ्या सुटकेतले. चार वर्षांनी वेळच वेळ असणार आहे. तेव्हा महिनाभर फिरवीन त्यांना." त्याने पुढचा आंबा दिला. "फक्त त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. थेंब चालू आहेत. दिसणं कमीकमी होत जाणार म्हणतात."

आक्कांचा हात एका आंब्यावर थांबला...

मग पुन्हा चालू लागला.

"रजा हाय का तुला?"

"एकशे चाळीस दिवस!" हर्षद अभिमानाने म्हणाला. "एकही वापरली नाही. उरलेल्या रजेचे पैसे मिळतात."

"मी बहिणीच्या नातीच्या लग्नाला चाललेय. नऊ दिवसांनी येते. तवर ही आढी सांभाळ. उत्तर तिच्यातच हाय."

जीप आली, आक्का गावातल्या बायकांबरोबर गेल्या.

हर्षदला गुदगुल्या झाल्या. सांभाळणं! जगात त्याला एवढी एकच गोष्ट उत्तम येत होती. त्याने कोठीचं दार ओढलं, कडी लावली आणि समोर मांडी घालून बसला.

तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून वास आला. असा वास, की पायथ्याच्या गावातली दोन जुनी भांडणं त्या दिवशी मिटली. हर्षद हलला नाही.

चौथ्या दिवशी त्याने फटीत गोणपाट कोंबलं.

सहाव्या दिवशी गांधीलमाश्या आल्या. त्याने एक गोणपाट वरच्या फटीतही कोंबलं.

मठात फोनला रेंज फक्त आंब्याच्या तिसऱ्या फांदीवर. सातव्या दिवशी तो वर चढला आणि त्याने घरी फोन लावला.

"अण्णा, मला उत्तर मिळणार! दोनच दिवस राहिले."

"मिळू दे बाबा. आंबे कसे आहेत आक्कांचे? साखर असतात."

"अजून उघडले नाहीत."

"सात दिवसांत एकपण नाही?" अण्णा हसले. मग म्हणाले, "आज स्टँडवर जाऊन आलो उगाच. गाड्यांच्या पाट्या वाचता येईनात. रंग उडालाय वाटतं पाट्यांचा. आजकाल कोण लक्ष देतंय..."

हर्षद फांदीवर बसून राहिला. खाली उतरायला त्याला बराच वेळ लागला.

नवव्या दिवशी आक्का आल्या. जीपमधून उतरल्या त्या उतरल्या जागीच थबकल्या, नाक वर करून.

"किती खाल्लेस रे?"

"एकही नाही!" हर्षद जवळजवळ नाचत होता. "हात लावला नाही, आक्का. उघडू?"

"उघड."

त्याने कडी काढली. पेंढा बाजूला केला.

तळातले काही आंबे काळे पडून पाझरत होते. त्यांना टेकलेले मऊ पडून बसले होते, आणि त्यांना टेकलेलेही बसायला लागले होते. मधेमधे काही सोन्यासारखे पिवळे होते. कडेचे तर अजून हिरवे, दगडासारखे.

हर्षद उकिडवा बसला.

"उघडली का न्हाईस मधे?"

"म्हटलं... सगळे एकदम पिकू देत. मग एकदम काढू."

"सगळे एका दिशी पिकत्यात, हे कुणी सांगितलं तुला?"

हर्षदने कडेचा एक हिरवा आंबा दाबून पाहिला.

"एका झाडाचे हायेत. एका आईचे म्हणून का एका दिशी चालाय लागत्यात पोरं?"

आता हर्षदच्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि उजेड पडलेला माणूस अंधारातल्या माणसापेक्षा जोरात धडपडतो. त्याने खिशातला कागद काढून टराटरा फाडला.

"कळलं! आक्का, कळलं मला! साठवणंच चूक. उद्या सगळी बचत मोडतो. घर घेतो, गाडी, आयफोन..."

आक्कांनी बोलू दिलं. मग पेंढ्यात हात घालून कडेचा एक हिरवा आंबा काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"खा."

तो जोशातच होता. कचकन चावा घेतला. त्याचे डोळे मिटले, कान लाल झाले, दात असे आंबले की तो पुढचं वाक्य बोबडं बोलला.

"आढी मोड म्हणाले का मी?" आक्का म्हणाल्या.

"मग... करू तरी काय, आक्का?"

आक्कांनी पुन्हा पेंढ्यात हात घातला. न दिसणारे डोळे दाराकडे, बोटं आत. एका आंब्यावरून बोटं फिरली, पुढे गेली. दुसऱ्यावरून फिरली, पुढे गेली. तिसऱ्याचं देठ अंगठ्याने दाबून पाहिलं, ठेवून दिला. चौथा त्यांनी बाहेर काढला, नाकाशी धरला आणि हर्षदच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो आजचा."

"कसं कळतं?"

"रोज हात घालते."

हर्षदने आंबा पाहिला. पुन्हा पाहिला. मग खिशातून रुमाल काढला आणि तो आंबा त्यात हळूच बांधला.

"खात का न्हाईस?"

"अण्णांना नेतो."

"मग बसलायस काय?"

पायरीखाली जीप उभी होती. तिचा नियम जुना होता, भरल्याशिवाय सुटायचं नाही. ड्रायव्हर बॉनेटवर पाय सोडून बसला होता.

"कधी सुटणार?" हर्षदने विचारलं.

"भरली की."

"कधी भरणार?"

"काय सांगावं साहेब. कधी तासात, कधी तीन तासांत. बसा की सावलीला. घाई काय हाय?"

हर्षदने आत पाहिलं. रुमालाची गाठ पाहिली.

"रिकाम्या सीट किती?"

"नऊ."

"नवांचे पैसे मी देतो. चल."

ड्रायव्हरने त्याच्या बुटांकडे पाहिलं. मग चेहऱ्याकडे. मग उडी मारून चाक धरलं, आणि घाट असा उतरला की अजून त्या वळणांवर कोंबड्या रस्ता ओलांडायच्या आधी दोन्हीकडे बघतात.

वाटेत रेंज आली तशी हर्षदने फोन लावला.

"अण्णा, पिशवी भरा... नाही, चार वर्षांनी नाही. उद्या. खिडकीची दोन तिकिटं मिळतायत का बघतो... हो, तुम्हीच बाजूला बघायचं. मीही बघणार आहे."

आता कबुली. सावली दोन तालुक्यांत पडत नाही, एकातच पडते, तीही दुपारी जेमतेम. गावातली भांडणं आंब्याच्या वासाने मिटली नाहीत. अजून चालू आहेत. आणि जीपमध्ये रिकाम्या सीट नऊ नव्हत्या, सहा होत्या. तीन आपण आपल्या पदरच्या घातल्या. कोंबड्यांचं मात्र खरं आहे.

हर्षदने आढी मोडली का, असंही लोक विचारतात. नाही मोडली. रोज हात घालतो म्हणतात. चाळिशीला थांबणार होता, आता एक्केचाळिशीला थांबेल.

आणि निघताना उंबऱ्यात जे बोलणं झालं, त्यात सांगणाऱ्याचं एक अक्षरही नाही. तेवढी त्याची ऐपत नाही. रुमाल छातीशी धरून हर्षद वळला होता.

"आक्का, तुम्ही कधी समुद्र पाहिलाय?"

"एकदा. एकोणीस वर्षांची होते. दुपारभर."

"एकच दुपार?"

आक्का हिरव्या आंब्यांवर पुन्हा पेंढा पसरत होत्या...

"अजून पुरतोय."