कावळ्यांनी लक्षात ठेवलेलं तोंड

एका गावात एक म्हातारा होता आणि त्याचं कधीच चुकत नसे. म्हणजे, चुकलं असं त्याला तोंडावर सांगणारं गावात कोणी नव्हतं. बांधाचं भांडण असो की सोयरीक, शेवटचा शब्द त्याचा.

त्याच्या घरी एक सून होती, तिला एक लहान पोरगी. सासू अंथरुणाला खिळल्यापासून तिचं सगळं हीच करायची. सासूला भरवून झालं की वाळकी भाकरी परसात कावळ्यांना टाकायची आणि उंबऱ्यात बसून बघायची. कडक तुकडा कावळा आधी पाण्यात भिजवतो, मग खातो. पोट भरलं की उरलेलं पाल्याखाली दडवतो आणि पुन्हा नेमकं तिथूनच काढतो. सून हे सासूला सांगे आणि सासू पडल्या पडल्या हसे.

एका उन्हाळ्यात, दुपारची झोप मोडते म्हणून, म्हाताऱ्याने परसातल्या लिंबावरचं कावळ्याचं घरटं काठीने पाडलं. पिल्लं खाली पडून मेली. तेव्हापासून तो बाहेर दिसला की कावळे त्याच्या डोक्यावर झेपावत. पुढच्या वर्षी तर त्या वेळी जन्मलेही नव्हते असे कावळेसुद्धा तेच करू लागले. सून म्हणाली, मामंजी, ते माणसाचं तोंड ओळखतात, आणि पोरांनाही दाखवून ठेवतात. म्हातारा म्हणाला, पाखराला एवढी अक्कल असती तर ते उकिरडा चिवडत बसलं नसतं. असं म्हणून तो छत्री घेऊन हिंडू लागला. गावाला वाटलं, काय रुबाब आहे.

पुढे सासू वारली. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. म्हातारा पिंडाला लागूनच उभा. समोरच्या उंबरावर कावळे ओरडत होते, पण एकही पिंडाला शिवेना. थोर मंडळी हात जोडून वचनं देऊ लागली. गाय विकणार नाही. नातीचं सगळं नीट करू. ऊन चढलं. मग कोणीतरी हळूच म्हणालं, म्हातारीचा जीव अडकलाय, घरात तिचे हाल झाले असणार. सगळ्यांचे डोळे सुनेकडे वळले. तिचा नवरा वाळूकडे बघत राहिला. निवाडा व्हायला वेळ लागला नाही, शेवटचा शब्द म्हाताऱ्याचाच. सुनेने माहेरी जावं, पोरगी इथेच राहील.

सून पुढे आली. "मामंजी, तुम्ही जरा देवळाच्या आड जा. एवढंच करा."

"मी? बायकोचा पिंड सोडून?"

"सासूबाई उपाशी आहेत."

म्हाताऱ्याला कळलं. त्याचा हात आपसूक डोक्याकडे गेला होता. तो चार पावलं सरकला असता तर सुनेचं घर वाचलं असतं. पण मग गावाने विचारलं असतं, का सरकलास?

"दर्भाचा कावळा करा," तो म्हणाला.

गवताचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी मोकळी झाली. घाट चढून सगळे वर पोचतात न पोचतात तोच मागे पंखांचा आवाज झाला. वळून बघतात तर कावळे पिंडावर तुटून पडलेले, आणि हातभर अंतरावर सून बसलेली.

सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांना कळलं. एक जण म्हणाला, उशिरा का होईना, दर्भाचा गुण आला. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि ते म्हाताऱ्यामागे चालू लागले.

सून घरी गेली. तिने पोरगी मागितली नाही, उचलली. वेशीपर्यंत तिला अडवायला कोणाचा पाय पुढे झाला नाही.

त्या रात्री घरोघरी पोरांनी बापांना विचारलं, तुम्ही गप्प का बसलात? दुसऱ्या दिवसापासून बाप म्हाताऱ्याच्या ओट्यासमोरची वाट टाळून जाऊ लागले. पुढे गावात भांडणं झाली, सोयरिकी जुळल्या. म्हातारा ओट्यावर वाट बघत बसे. शेवटचा शब्द राहू दे, पहिला शब्द विचारायलाही कोणी आलं नाही.

तात्पर्य: आपली चूक झाकायला जो दुसऱ्याचं घर मोडतो, त्याच्या पिकल्या केसांना मान देऊ नये, आणि डोळ्यांनी बघून त्याच्यामागे चालणाऱ्यांनाही नाही.