बिनतेलाची शेपटी

कोंडुर्लीचा घाट चढून आलं की वर उघडा माथा लागतो. सावलीला म्हणून एकच रिठ्याचं झाड, आणि त्याच्या बुडाशी खडकात कोरलेलं टाकं. गावात लग्न झालं की नवी नवरी आधी इथं येते, वरातीच्या घोडीची शेपटी या टाक्याच्या पाण्यानं धुते आणि मगच सासरचा उंबरा ओलांडते. घोडीला गोंडे, झूल, कपाळावर आरसे, सगळं चालतं. शेपटीला मात्र तेलाचं बोट लावायचं नाही.

असं का, ते गेनुनाथ सांगतात. पिढीजात किंगरीवाले. वऱ्हाडी टाक्याभोवती टेकले की ते किंगरी मांडीवर घेतात: करवंटीवर ताणलेलं कातडं, वेळूचा दांडा, घोड्याच्या केसांची तार. वाजवायचा गजही घोड्याच्या केसांचाच. त्याला सावकाश राळ लावतात आणि कुणाला घाई आहे का ते बघून घेतात. घाई असेल तर आणखी सावकाश.

फार मागे, असं सांगतात, रावजी नावाच्या मुलाची वरात नवरी घेऊन या माथ्यावरून परतत होती. नवरीचं नाव हौसा. गावात शिरताना पुढं किंगरी वाजवायचा मान सोननाथाचा, आणि त्या मानापोटी त्याला नवरदेवाच्या घोडीच्या शेपटीची एक बट मिळायची. निघताना त्यानं बट घेतली, गजाचे जुने केस रीतीप्रमाणं ओढ्यात सोडले आणि नवे बांधले. बोटं तेलकट झाली ती धोतराला पुसली. वरातीच्या गडबडीत विचार केला नाही. रावजीच्या आईनं, ठकुबाईनं, शेपटी चकाकावी म्हणून त्या दिवशी तिला वाटीभर तेल चोळलं होतं.

माथ्यावर धुकं उतरलं. शेजारचं माणूस दिसेना. रावजी घोडीवरून उतरला, वाट बघून येतो म्हणाला, आणि गेला तो गेलाच. माथ्याला तिन्ही बाजूंनी दऱ्या, पलीकडे उंच कडे. हाक मारली की ती कड्यांवर आपटून चहूकडून परत यायची. ढोल बडवला, त्याचंही तेच. रावजी उलट ओरडायचा, पण तो आवाज कुठल्या अंगाचा ते कळेना. आणि तो तर प्रत्येक हाकेला भलतीकडेच सरकत असणार.

किंगरीचा सूर तेवढा बारीक. तो कड्यावर आपटत नाही, निघतो तिथूनच ऐकू येतो, म्हणे. सोननाथानं गज ओढला. आवाज नाही. राळ घासून पुन्हा ओढला. गज तारेवरून नुसता घसरत राहिला, कारण तेलकट केस राळ धरत नाही. दुसरी बट घ्यावी, तर अख्खी शेपटीच तेलात. ठकुबाईला उमगलं आणि ती पदरानं शेपटी पुसायला लागली.

तेव्हा हौसा बोलली. सासरच्या माणसांत तिचा हा पहिलाच शब्द.

"आत्याबाई, तेलच ना? न्हायला आईनं रिठे दिलेत माझ्याबरोबर."

नवरीनं इतक्यात तोंड उघडलं म्हणून ठकुबाईचे सासरे कुरकुरले. ठकुबाई एवढंच म्हणाली, "बोलू द्या मामंजी. माझ्या हौसेनं काय केलं ते दिसतंय ना."

हौसानं टाक्याकाठी रिठे फोडले, बट फेसात चोळचोळून धुतली आणि शालूच्या पदरात दाबून कोरडी केली. पदराची जरीची किनार उसवली, पण तिनं तिकडं पाहिलं नाही. सोननाथानं केस पुन्हा गजाला बांधले, राळ लावली.

"आता वाजंल का गं?" ठकुबाईनं विचारलं.

"वाजंल," हौसा म्हणाली.

आणि वाजली. पहिला सूर खरखरीत आला, दुसरा नीट. तो धुक्यात लांबत गेला आणि रावजीच्या हाका थांबल्या. तो ऐकतोय की गेला, हे कुणाला कळेना. सोननाथानं गज थांबू दिला नाही. मग घोडीनं कान टवकारले. धुक्यातून आधी मुंडावळ्या दिसल्या, मागून रावजी.

ठकुबाईनं तिथंच घोडीच्या शेपटीला हात लावून शपथ घेतली, की या गावात पुन्हा कुणी घोडीच्या शेपटीला तेल लावणार नाही. फोडलेल्या रिठ्यातली एक बी खडकाच्या भेगेत पडली होती. तेच हे झाड. सूर खरंच कड्यावर आपटत नाही का, असं कुणी शहरातलं विचारतं. गेनुनाथ म्हणतात, धुक्यात या, मग सांगतो.

आजही शेपटी धुऊन झाली की सासू नवरीला तोच प्रश्न विचारते, आणि तिनं उत्तर दिल्याशिवाय किंगरीवाला गज उचलत नाही. परवा मलाही विचारला. मी "वाजेल" म्हटलं, ते बहुतेक घोडीनंच ऐकलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "धुक्यात ऐकू जाईल असं सांग."

मी सांगितलं. गेनुनाथांनी गज उचलला.